रंगाचा हात

नाही नाही, त्या गल्लीतून नको — शिडी लावलीय तिथं, रंग ओला आहे, तुमच्या पांढऱ्या शर्टाला लागेल उगाच. शिक्का हवाय ना? शिक्का माझ्याकडेच असतो, हा काय, पावाच्या ट्रेशेजारी. आणा ते पुस्तक. भिंतीवरचं चित्र बघितल्यावरच शिक्का मारायचा असं छापलंय खरं त्यात — पण बघितलं की नाही हे कोण तपासायला येतंय? मी सांगते ना, सुंदर आहे. झालं. त्यापेक्षा तुम्ही असं करा, सरळ पाण्याच्या टाकीकडे जा, तिथं नांगराच्या तव्यांचा केलेला चंडोल आहे, लोखंडी, चोच उघडून बसलाय. तो बघितला? आणि नदीकाठचा सिमेंटचा गवा? तोही? म्हणजे अख्खं नेब्रास्का पालथं घातलंत की! एकट्याच फिरता? बरं करता बाई. बसा, कोलाची खाऊन बघा एक, आमचा सारण भरलेला गोड पाव, गरम आहे. जर्दाळूची नको, ती पाहुण्यांसाठी करते — म्हणजे तुम्हीही पाहुण्याच, पण खसखशीची घ्या. आमच्या चेक घरांत खसखशीचीच खरी.

काय म्हणालात? खुर्चीवर कोण? अच्छा, गाडी लावताना दिसले होय. ते आमचे बाबा. एमिल. हो, उन्हातच बसलेत, लग्नकार्याचा कोट घालून, मांडीवर अकॉर्डियन घेऊन. वाजवत नाहीयेत, नुसतं धरलंय. त्यांना वाटतंय की — जाऊ दे. कॉफी देऊ?

त्यांना वाटतंय, टेस त्यांच्याकडे बघून काढतेय. टेस म्हणजे ती शिडीवरची, चित्रकार. चित्र तिचंच, सुगीच्या नाचाचं. सगळं गाव नाचतंय आणि मधोमध अकॉर्डियन वाजवणारा माणूस — ते बाबाच. पहिल्यांदा काढलं तेव्हाही असेच बसले होते तिच्यापुढे, हलायचं नाव नाही. डाव्या हाताचं एक बोट अर्धं आहे त्यांचं, मक्याच्या यंत्रात गेलं तरुणपणी, आणि त्या अर्ध्या बोटानं अख्ख्या जिल्ह्याला नाचवलंय त्यांनी. टेसनं ते बोटही तस्संच काढलं, अर्धं. बाबांना चेहऱ्यापेक्षा त्याचाच अभिमान. चेहरे काय, सगळ्या म्हाताऱ्यांचे सारखेच असतात म्हणे, बोट बघा!

दिसत नाही हो त्यांना आता. म्हणजे दिसतं, पण मधलं दिसत नाही. डोळ्यांच्या मधोमध धुकं आणि कडा तेवढ्या स्वच्छ. मग मान तिरकी करून बघतात, कोंबडी बघते तशी. चित्रातला उंचावरचा चेहरा काही त्यांच्या टप्प्यात येत नाही. म्हणून तर — म्हणून सकाळी म्हटलं मी, बाबा, टेस आलीय, तुमच्यावरून रंगाचा एक हात फिरवायचाय. हे खोटं आहे का? तुम्हीच सांगा. हातच फिरवतेय ती. मला वाटलं, बरं म्हणतील आणि पुन्हा रेडिओ लावतील. तर उठले, दाढी केली, म्हणाले, आर्लिस, माझा कोट काढ, बघितल्याशिवाय पोरगी रंगवणार कशी? मी कोट काढला. ब्रशनं झटकलासुद्धा.

नाही, त्यांना रंगवत नाहीये ती. लॅड स्टॅनेकला रंगवतेय. अहो, त्या इमारतीचे मालक डेल स्टॅनेक आहेत आता, ट्रॅक्टरवाले, त्यांचा बाप लॅड. वारला मागल्या हिवाळ्यात. भला माणूस होता, त्याच्याबद्दल काही नाही, पण शिट्टीसुद्धा सुरात यायची नाही त्याला. चर्चमध्ये त्याची बायको कोपरानं ढोसायची, तू नुसते ओठ हलव म्हणायची! तर डेल म्हणाले, भिंत माझी, मधला माणूस माझा बाप असेल, नाहीतर पांढरा रंग मारून ट्रॅक्टरची जाहिरात लावतो. आमच्याकडे रीतच आहे तशी, ज्याची भिंत त्याचं म्हणणं. आमच्या चित्रसमितीची बैठक झाली, पाच जणांची, चर्चच्या तळघरात. मला वाटलं, कुणीतरी बोलेल. सगळे आपले कॉफी ढवळत बसले. मग हात वर करा म्हणाले.

मी काय करणार होते? भिंत पांढरी झाली तर तुम्ही येणार होतात का इथं? खरं सांगा. चंडोल बघून पुढं गेला असतात. ही भिंत बघायला लोक थांबतात, थांबले की भूक लागते, मग माझ्याकडे — हं. म्हणजे कोलाचीपायी बापाला पुसलं असंच झालं ना ते? बोलून बघितल्यावर फारच वाईट वाटतंय ऐकायला. मनात इतकं वाटत नव्हतं.

आणि गावाला मी सांगून ठेवलंय हो. पोस्टातल्या बाईला, न्हाव्याला, सगळ्यांना. बाबांनी विचारलं, जमतंय का रे माझ्यासारखं, तर म्हणायचं, हुबेहूब. सकाळपासून लोक त्यांच्यापुढून जाताना म्हणतायत, हुबेहूब एमिल, हुबेहूब! आणि ते आपले टोपी उचलतायत. इथवर ऐकू येत होतं मला. मी भट्टीचं दार जरा जोरात लावत होते. तुम्ही परक्या. तुम्हाला तर ते नक्कीच विचारतील, परका माणूस तोंडदेखलं बोलत नाही म्हणतात ते. म्हणून म्हटलं, तिकडून नको. रंग ओला आहे तो आहेच, पण — तुम्ही मागच्या दारानं जा, हं? कोलाची बांधून देते बरोबर.

अगंबाई. घंटा वाजली दाराची.

या बाबा, या, सावकाश — खुर्ची कशाला उचलून आणलीत, मी आणली असती ना. बसा. झालं का टेसचं? कोण? ह्या होय, पाहुण्या आहेत, चित्रं बघत फिरतायत राज्यभर. नाही बाबा, त्यांनी नाही बघितली अजून भिंत, त्यांना नका विचारू. निघाल्याच आहेत त्या. काय? कोणतं बोट?

पुरं केलंय म्हणजे?

नाही, मला नाही माहीत. देवाशप्पथ बाबा, बोटाचं कुणीच बोललं नव्हतं. बैठकीत फक्त — तुम्ही जवळ जाऊन बघितलंत? कडेनं. हो, हात खालीच आहेत, तुमच्या टप्प्यात. चुकून झालं असेल, ती पुन्हा एक हात फिरवेल, मी सांगते तिला, आत्ता जाऊन — बसा ना हो. असे बघू नका कोपऱ्यातून.

लॅडचं आहे, बाबा. लॅड स्टॅनेकचं. चेहराही.

हसताय काय? हो, ओठ हलवायचा नुसते. हो. आठवतंय.

काय विचारलंत?

सगळ्यांनी, बाबा. पाचही जणांनी. नाही, हात कुणी खाली नव्हता ठेवला.

माझाही वर होता.

ताई, तुम्ही निघा आता. ते पुस्तक घ्या तुमचं — नाही, शिक्का नाही मारत मी. आधी भिंत बघून या. पुढच्याच दारानं जा. आणि दार ओढून घ्या जाताना.