कुत्रा छाप

— न्हाय न्हाय, उठू नका मास्तर, बसा की. अजून सिंगल पडला न्हाय. मास्तर नव्हं? असू द्या, खिशाला दोन पेनं लावल्यात म्हंजे माझ्यासाठी मास्तरच — एकच असतं तर तलाठी म्हणले असते. मागं मागं आले म्हणून भ्यालात व्हय? माझ्यासारख्या बाईला कोण भितंय! आमची मांजर बी भीत न्हाय. मला काय मागायचं न्हाय तुमाला, फकस्त एक कागद वाचून पायजे. इंग्रजी येतंय न्हवं? मग झालं. आमच्या येडशीत वाचणारे कमी न्हाईत बरं का — मोडीवाला हाय, निजामाच्या टायमाला शिकलेले उर्दूवाले चार हायत, आयुबमियाँ तर कागद उलटा धरला तरी वाचतेत. पण इंग्रजी म्हणलं की एकटा ठेसन मास्तर, न् तो आमच्या व्याह्याच्या संगं पान खायाला बसणारा. त्याला कसा दावू? म्हणून सकाळधरनं हितं बसले — एखादं चष्म्याचं, अनोळखी माणूस येईल, वाचंल, न् गाडीत बसून जाईल. कवाच परत न दिसणारं माणूस पायजे व्हतं मला. तुमी लई बेस सापडलात.

हा बगा. डब्यावरनं वल्ल्या फडक्यानं सोडिवला, म्हणून कडंला फाटलाय. चित्र बगून हसू नका. व्हय, कुत्रंच हाय ते. तेवढं कळतंय मला. पण मला सांगा — काडेपेटीवर घोडा असतोय, आत घोडा निघतोय का? तुपाच्या डब्यावर झाड असतंय, म्हणून आमी पाला खातो का? छाप असतोय तो! घोडा छाप, झाड छाप, तसा हा कुत्रा छाप. बिस्किटं हायत, मुंबैची. शेजारच्या मथुराबाईला मी हेच सांगितलं. तिनं चुलीम्होरं डबा बघितला न् कपाळाला हात लावला — "अगं लक्ष्मे, हे कुत्र्याचं खाणं!" म्हणलं, मथुराबाई, तुमच्या घरच्या साबणावर बाईचं चित्र हाय, तुमी काय बाईच्या चरबीनं आंघोळ करताव का? गप झाली. पण गप झालेली बाई लई वाईट, मास्तर. बोलणारी हितंच बोलून मोकळी व्हती. गप झालेली गाडीत बसून ढोकीला जाती न् माझ्या विहीणबाईच्या वसरीवर तोंड उघडती.

आता आलं ध्यानात? आत्ताच्या गाडीनं येतेत. तुमी बार्शीकडं जायाला चढणार, न् त्याच डब्यातनं आमचे व्याही महांतप्पा न् विहीणबाई उतरणार. आमी लिंगाईत माणसं. अंड्याचं नाव निघालं तरी चूळ भरणारी. न् विहीणबाई तर काय — पावसात गांडूळ दिसलं तरी वाट बदलती. निरोप धाडलाय, "लक्ष्मीबाईनं गळ्यातल्या लिंगावर हात ठिवून सांगावं, बाळंतिणीच्या पोटात काय घातलं. तसलं कायी असंल तर पोरीला न् तिच्या लेकीला तिथंच ठिवून घ्यावं." पोरगी म्हंजे माझी लेक, गिरजा. पयलं बाळंतपण. दीड महिन्याची नात हाय मला, मुठीएवढी. म्हणून कागद वाचायचाय. कागदावर तसलं कायी लिहिलं नसंल तर मी छाताड पुढं काढून हात ठिवते. छापील कागद माणसापरीस मोठा असतोय न्हवं?

वाचा. वरनं वाचा, सावकाश. मी काय अगदीच अडाणी न्हाय बरं, मी दळण करते — इंजिनेर सायबाच्या बंगल्याचं समदं निवडणं-दळणं माझ्याकडं. शेर गेला, किलो आला, पण माझा हात तोच हाय. डोळे झाकून चिमूट द्या, ज्वारी कुठल्या रानाची ते सांगते. ह्या बिस्किटाचं बी सांगितलं असतं मी — एक जिभंवर ठिवलं व्हतं. पयला गहू. काय म्हणलात? व्हीट? म्हंजे गहू! बगा! म्हणलं न्हवतं? दुसरा कोंडा. म्होरं — जवासारखं कायतरी? असू द्या. मीठ हाय का? हाय. बगा बगा, समदं जिभंनं सांगितलेलं —

तिसऱ्यावर बोट का थांबलं मास्तर?

न्हाय, तुमी गहू म्हणलात, कोंडा म्हणलात, मग मधलं एक सोडून जवावर उडी मारलीत. दाणं निवडणारी बाई हाय मी, एक खडा हुकत न्हाय नजरंतनं. काय लिहिलंय? असं घशातल्या घशात बोलू नका. बोन. बोन म्हंजे? ... हाड. हाडाचं पीठ. ... हां.

जरा पाणी हाय का तुमच्या तांब्यात? न्हाय, नगो, तुमचं तांब्याभांडं कशाला इटाळू.

लई असंल का थोडं असंल? कसं वळखायचं? जे जास्ती ते आधी लिहितेत? म्हंजे गहू लई, मग कोंडा, मग — मिठाच्या आधी हाय का मिठाच्या मागं? नीट बगा. मिठाच्या मागं असंल तर चिमूटभरच की! आधी हाय? पार आधी? ... असं कसं लिहितेत हो, लाजबिज न्हाय का जरा, शेवटाला कोपऱ्यात लिहावं.

हसतेय व्हय मी? हसले तर हसले. माझ्या आईनं सांगितलंवतं, लक्ष्मे, तू मसणात बी दात काढशील.

मास्तर, एक ऐकता का? उतरले की मी हाक मारते, हितंच या फलाटावर तुमी कागद वाचा त्यांच्यापुढं. असाच, चष्मा लावून, वरनं खालपतुर. फकस्त तिसरा शबुद गिळायचा. तुमाला काय अवघड हाय? एक शबुद गिळायचा. लोकं आख्खी रानं गिळतेत. आत्ता जवावर उडी मारलीत, तशीच मारायची. ... मान हलवू नका अशी. खोटं बोला म्हणत न्हाय मी, गप बसा म्हणते. ... बरं. तुमचं बी खरं हाय. तुमचं कोण लागतंय हितं.

मग सांगते. तुमाला सांगून काय व्हतंय, तुमी बार्शीला चाललात. मला ठावं व्हतं. कुत्रा छाप न् बित्रा छाप काय न्हाय. बंगल्याच्या खानसाम्यानं, गफारनं, डबा देताना सांगितलंवतं — "बाई, ये कुत्ती का है, इसमें हड्डी रहती. तुमारे घरमें नै चलता." चांगला माणूस, दोनदा सांगितलं. न् मी म्हणलं, द्या, आमच्या दारात बी एक कुत्री यालीय. खोटं. आमच्या दारात माझी लेक यालीवती.

त्या बंगल्यावर जात्यावर बसलं की समोरच ती कुत्री पडलेली असायची. सायबाची, तांबडी. सात पिल्लं, मास्तर! सात! एकाला एक ढकलीत पीत व्हती, न् तरी दूध भुईवर गळत व्हतं. न् घरी गिरजा — हळीव झालं, डिंक झाला, खसखस झाली, बाजरीची पेज झाली — कोरडी ठक्क. शेळीचं पाजलं तर नात फडाफडा ओकायची. रडायची बी न्हाय शेवटाला, नुसतं तोंड उघडायची, चिमणीच्या पिल्लागत. तिसऱ्या दिवशी मी दळता दळता त्या कुत्रीला इचारलं, बाई, काय खातीस तू? याड लागलंवतं मला. इचारलं खरं. तिनं शेपटी हलिवली.

जात्यावर दळलं समदं. गुळात घातलं, पेज केली, गिरजाला म्हणलं डिंकाची हाय. तिला काय बी ठावं न्हाय, तिनं बिस्किट बघितलं बी न्हाय. सातव्या दिवशी तिची चोळी भिजली. ... गव्हानं भिजली असंल. कोंड्यानं असंल. तुमच्या कागदावर ते लिहिलेलं न्हाय न्हवं, कशानं भिजली ते?

सिंगल पडला. तो बगा, पडला.

आता लिंगावर हात ठिवून काय सांगू? खोटं सांगितलं तर — मी काय, मी फेडते की, पण गिरजाच्या पोरीवर आलं तर? खरं सांगितलं तर आजच टाकली माझी लेक. ... थांबा. थांबा जरा. डबा मथुराबाईनं माझ्या चुलीम्होरं बघितला. गिरजाच्या तोंडात कुणी बघितलं? कुणी न्हाय. खायाला मी न्हाय का घरात? म्हातारी, रांडमुंड, हावरी — बंगल्यावरनं उचलून आणलं न् एकलीनंच खाल्लं! लिंगावर हात ठिवून सांगते, खाल्लं म्हणून, ते तर खरंच हाय, जिभंवर ठिवलंवतं न्हवं? डबा कुणी खाल्ला, एवढंच त्यांनी इचारावं असं करायचं, न् तेवढंच सांगायचं. मला वाळीत टाकतील. लेकीच्या दारात उभं करणार न्हाईत, नातीला हात लावू देणार न्हाईत. न देईनात. लांबनं बघंन. पोरगी गुबगुबीत झाली तर लांबनं बी दिसती.

पण विहीणबाई नुसत्या सांगण्यावर जाणारी न्हाय. डोळ्यानं बघितल्याबिगर तिला सूर्य उगावल्याचं पटत न्हाय. हे बगा, पदराला एक बिस्किट बांधून आणलंय — तुमाला दावायला, लागलंच तर म्हणून. शेवटचं. हाडागत कडक हाय मेलं. कागद ठिवा तुमच्याकडं, न्हायतर टाका रुळावर. धूर दिसला. ती बगा, तिसऱ्या खिडकीत हिरवं लुगडं, डोकं भाईर काढून मलाच हुडकतीय. जावा मास्तर, तुमी तुमच्या डब्यात बसा, माझी तुमची वळख न्हाय. आता माझ्याशी बोलू नका — तोंड भरायचंय मला — तिनं उतरता उतरता बघितलं पायजे —