शपथेचा तक्ता

…ती नाही गं, कपाटाची किल्ली ती पितळेची — हां, तीच. वह्या वरच्या कप्प्यात, हजेरी खाली, आणि खडू जरा लपवून ठेव, चौथीच्या बाई नेतात ते परत येत नाहीत. माझी बदली मीच मागून घेतली, त्यामुळे आजपासून तिसरी ब तुझी. सोमवारी चौथ्या तासाला इंटरनेटवरची सुरक्षितता. सोपं असतं, मुलांना मोठंमोठं सांगायचं नाही, पोपटासारखं म्हणवून घ्यायचं. मी विचारायचे, अनोळखी कोण? — आणि सगळी ओरडायची, ज्याला आपलं नाव माहीत नाही तो! छप्पर उडायचं. मीच बसवलं होतं ते. तू म्हणवून घेऊ नकोस. का म्हणजे? — नको, एवढंच.

भिंतीवर तो चौकोन दिसतोय ना, रंग उजळ राहिलाय — तिथे तक्ता होता, शपथेचा. प्रत्येकाचा गणवेशातला फोटो, खाली त्याच्याच अक्षरात — मी अमुक अमुक, तिसरी ब, मी माझं नाव-पत्ता नेटवर कुणालाही सांगणार नाही. देखणा झाला होता हं. मुख्याध्यापक म्हणाले, बाई, याचा फोटो नेटवर शाळेच्या पानावर टाका, लोकांना कळू दे. टाकला, मीच. मोठं करून पाहिलं की अक्षर न् अक्षर वाचता यायचं. हसतेस काय? — हस, हस, मीही हसले असते.

एक मुलगी होती. खोडरबर म्हणायचो तिला, रोज हरवून यायची म्हणून. आईच्या मोबाईलवर गेम खेळायची, तिथे एकानं तिला नावानं हाक मारली. शाळा सांगितली, वर्ग सांगितला. मग तो अनोळखी कसा? — बरोबरच आहे तिचं, पैकीच्या पैकी मार्क. शनिवारी त्यानं बागेच्या मागच्या फाटकाशी बोलावलं, ही गेली. माळ्यानं हटकलं म्हणून तो माणूस पळाला. नाही, अंगाला ओरखडासुद्धा नाही. फक्त बोलत नाही तेव्हापासून. चार महिने झाले. आईनं शाळेतून काढून घेतलंय तिला.

चौकशी झाली ना, त्याला नाव मिळालं कुठून म्हणून. तोवर तक्ता मी उतरवला होता, पानावरूनही काढला होता — कुणी सांगितलं नव्हतं, मीच. मुख्याध्यापकांना आठवत होतं, पण झाकली मूठ कोण उघडतंय? शेवटी ठरलं, आईनं मोबाईल दिला, आईची चूक. आली होती ती इथे. त्या बाकावर बसली, गुडघे मावेनात तिचे. म्हणाली, बाई, तुम्ही एवढं शिकवलंत, माझंच लक्ष नव्हतं, माफ करा. मी म्हटलं — असू द्या. असू द्या म्हटलं मी. रडू यायला हवं होतं ना? नाही आलं. तिला पाणी दिलं आणि उरलेल्या वह्या तपासल्या. अजूनही काही होत नाही बघ, आतून सगळं सुन्न.

पण तू तक्त्याचं विचारलंसच कशाला? — नाही विचारलंस?

बरं. घंटा झाली. जा, दारात उभी राहा, रांगेनं आत घे त्यांना. मी मागच्या दारानं जाते.