सिल्वासा पासिंग आणि बर्फाचा पुरावा

सिल्वासा पासिंगची गाडी दिसली की गुजरातचे पोलीस कसे खूश होतात, माहितीये ना? आपल्याकडे सिल्वासात दारू खुली, तिकडे गुजरातेत बंदी. ब्याण्णव-त्र्याण्णवच्या थंडीत आम्ही सूत कंपनीतले चौघं ट्रॅक्स जीप घेऊन हिमाचलात स्कीइंग करायला गेलो होतो. म्हणजे स्कीइंग आम्ही तिघांनी केलं. आमचा जळगावचा भास्कर प्रत्येक ठिकाणी फक्त आपटला.

परत येताना गुजरातच्या नाक्यावर हवालदाराने गाडी अडवली. सगळ्या बॅगा उपसल्या, तर निघाल्या ओल्या माकडटोप्या.

"माल क्यां छे?"

"माल नाही साहेब, बरफ पे घसरने गये थे."

"सिल्वासा से इतना दूर, खाली घसरने? और एक भी बाटली नहीं? झूठ! गाडी थाने में लो!"

दुसऱ्या दिवशी पहिली पाळी होती, आणि सुपरवायझरने आधीच दम भरला होता.

"साहेब, सच में गये थे," मी हात जोडले.

"पुरावा क्या है?"

भास्कर शांतपणे खाली उतरला. हवालदाराकडे पाठ केली, पट्टा सोडला आणि पॅन्ट खाली.

"देखो साहेब, आपटने के डाग. ये पिवळा पड गया, वो कुफरी का. बाजू में हिरवा, वो नारकंडा का..."

"अरे पॅन्ट पहेरो! पहेरो! जाओ!" हवालदाराने एका हाताने डोळे झाकले आणि दुसऱ्याने फाटक उघडलं.

गाडी सुटली. आम्ही हसून हसून लोळत होतो. भास्करचं तोंड मात्र उतरलेलं.

"काय झालं रे?"

"अरे भो, सोलंगचा सगळ्यात मोठा होता. तोच दाखवायचा राहिला!"