रघुअण्णांचा गेलेला आवाज

यमुनाक्का, आणि इथे जमलेल्या माझ्या माणसांनो,

अण्णांबद्दल बोलायचं, तेही ते जिथे उभे राहायचे त्या रंगमंचावरून. सांभाळून घ्या.

मी सुशीला. याच मराठी मंडळात अण्णांबरोबर नाटकं केली. बेळगावकडचा हा माणूस. दुपारी इथे मराठीत लोकांना हसवायचा आणि संध्याकाळी कन्नड कंपनीत राजा म्हणून उभा राहायचा. पुढे सिनेमात बापाची कामं मिळाली. एका माणसात किती माणसं असावीत?

मग गळ्याचा रोग आला. ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. उरली नुसती कुजबुज.

तेव्हा मद्रासला त्यांचा एक सिनेमा अर्धवट होता. चित्रीकरण झालेलं, आवाज भरायचा राहिलेला. निर्मात्यांनी दुसऱ्याचा आवाज घालायचं ठरवलं. तो नट, शिवराम, अण्णांच्या इथल्या बसवनगुडीच्या घरी आला. तुम्ही नको म्हणालात तर परत जातो, असं त्याने दारातूनच सांगितलं. अण्णा उठून दाराशी गेले. मग म्हणाले, "आत ये. तो बाप रागावलेला नाही, घाबरलेला आहे. तिथून सुरू कर."

रोज दुपारी कुजबुजत वाक्य न् वाक्य शिकवलं त्याला. आत स्वयंपाकघरात त्यांच्या पत्नी, आपल्या या अक्का, कानांवर हात ठेवून बसायच्या. मी पाहिलंय.

सिनेमा लागला तेव्हा मॅजेस्टिकला अण्णा, अक्का आणि मी गेलो. पडद्यावर बाप रुसून गेलेल्या लेकीला हाक मारतो. सगळं थिएटर रडत होतं. अक्कांनी पदर तोंडाशी धरला. म्हणाल्या, "हे तुम्ही नाहीत."

अण्णा त्यांच्या कानाशी वाकले. "मीच आहे गं. स्वल्प कमी."

त्यानंतर मुक्या माणसांच्या भूमिका आल्या. त्यांनी घेतल्या नाहीत. मुका उभा करायलाही आधी बोलता यावं लागतं, म्हणायचे. मग कुणी विचारेनासं झालं. रोग फिरून आला. परवा सकाळी सगळं संपलं.

शिवराम आज शेवटच्या रांगेत उभा होता. दोन शब्द बोल म्हटलं, तर त्याने नुसती मान हलवली. अक्का, तुम्हीच त्याला पुढे बोलावलंत. शेजारी बसवलंत. त्याचा हात अजून तुमच्या हातात आहे. आता मी आणखी काय बोलू?

उठूया सगळे. थोडा वेळ काही बोलू नका.

अण्णा, नमस्कार करते.