बेचाळिसावं झाड

(सिरसाळ्याच्या शिवारातली एक वस्ती, भर दुपार. ओढ्यापलीकडचा खडी क्रशर उद्याच्या तपासणीमुळे आज बंद आहे. दारात कडूबाई, तिची सून स्वप्नाली, आणि पांढऱ्या रंगाचा डबा घेतलेला क्रशरवरचा सुपरवायझर परमेश्वर.)

कडूबाई : आरं, पण लिंब माझ्या सासऱ्यानं लावलेला. त्याच्यावर तुझ्या मालकाचा नंबर कावून?

परमेश्वर : मावशी, झाड तुमचंच ऱ्हाणार. नुसता एकोणचाळीस टाकतो. उद्या साहेब लोक तपासणीला येणार. क्रशर अन् घरं यांच्यामधी झाडांचा पट्टा पाहिजे, बेचाळीस झाडं. तवाच परवाना पुढं सरकतो. तुमच्या बांधावरच्या बाभळी धरून अडतीस भरली.

स्वप्नाली : हळू बोला हो दोघं. आत माझी ऋतू झोपलीय. आज मशीन बंद आहे तर तीन तास झाले, एकदाही खोकली नाही.

कडूबाई : बग. साहेब रोज आले असते तर पोरीनं बाळसं धरलं असतं.

स्वप्नाली : भाऊजी, पण तुमचा स्वतःचा पट्टा कुठं गेला? दोन वर्षांखाली तुमच्या मालकांनी, मोहनरावांनी फीत कापली, मंडप घातला होता, पेढे वाटले होते. माझ्या वाट्याला अर्धा आला होता.

परमेश्वर : लावलीच होती की झाडं. पण मावशीच्या शेळ्यांनी…

कडूबाई : शेळ्यांचं नाव काढू नको! रोपं पिशवीसकट पुरलती तुमी. कावून, तर फोटो झाला की उपसून दुसऱ्या दिवशी केजला लावायची होती. तितं बी मंडप, तितं बी फीत. माझ्या शेळ्यांनी उभ्या जल्मात जेवढी गावं बगितली न्हाईत, तेवढी त्या रोपांनी बगितली. एक खाल्लं, कबूल. धुळीचा पाला, तीन दिवस जुलाब लागलते शेळीला. इचारायला आलता का तुझा मालक?

परमेश्वर : जुनं कावून उकरता? वहिनी, ओलं फडकं द्या बरं. खोडावर धूळ लई, रंग धरंना.

स्वप्नाली : घ्या. ऋतूचं जुनं दुपटं आहे. पांढरं वाळत घालायचं आणि सिमेंटच्या पोत्याची घडी केल्यासारखं आत आणायचं, असं चाललंय आमचं.

परमेश्वर : हां, आता बसला. ऑइल पेंट हाय, दोन पावसाळे हलत न्हाई. शेवगा चाळीस. अन् हा कढीपत्ता, एकेचाळीस.

कडूबाई : कढीपत्ता बी! फोडणीला दोन पानं तोडली तर साहेबाची परवानगी लागंल का?

परमेश्वर : उद्या सांजपर्यंत तोडू नका म्हंजी झालं.

कडूबाई : बरं बाबा. उद्याचं वरण बिनफोडणीचं. पट्ट्यापायी.

स्वप्नाली : हा कागद कसला, भाऊजी? नकाशा आहे ना?

परमेश्वर : ऑफिसचा हाय, तुमी नका…

स्वप्नाली : हा क्रशर. हा ओढा. ओढ्याच्या अलीकडं सगळा हिरवा रंग. आमचं घर कुठंय यात?

परमेश्वर : आता कसं हाय, पट्टा घराच्या आधी दाखवावा लागतो. झाडं तर तुमच्या दारात. म्हून मग घर जरा…

स्वप्नाली : पुसलं.

परमेश्वर : पुसलं न्हाई वो. हिरवं केलं.

कडूबाई : म्हंजी मी झाड? चार बाळंतपणं ह्या घरात काढली, तीस वरसं चूल पेटवली, अन् झाड? मंग मला बी टाक की नंबर. पाठीवर टाक. डोक्यावर नको, तितं आधीच पांढरं हाय, दिसायचं न्हाई.

परमेश्वर : मावशी, मी नोकर माणूस. मी न्हाई रंगवलं तर दुसरा येईल.

स्वप्नाली : तुमची लेकरं दिसली नाहीत दिवाळीपासून.

परमेश्वर : लिंबागणेशला हायत. मामाकडं.

स्वप्नाली : शाळा चांगली आहे वाटतं तिथं?

परमेश्वर : शाळा काय, हितल्यासारखीच. जरा हवा बरी हाय…

कडूबाई : ऐकलंस का गं?

स्वप्नाली : ऐकलं, आत्याबाई.

परमेश्वर : मला तसं म्हणायचं नव्हतं.

स्वप्नाली : असू द्या. मामा ऋतूलाही आहे, केजला. डॉक्टर म्हणतात तिकडं घेऊन जा. पण मी दाराला कुलूप लावून गेले की तुमचा नकाशा खरा होईल.

परमेश्वर : …एकेचाळीसच भरली. एक कमी पडायलंय.

कडूबाई : तुळस धर.

परमेश्वर : खोड पाहिजे वो, बारकं चालंना.

कडूबाई : मंग शेळीची मेख धर. लिंबाचीच हाय, तुमच्या रोपांपरीस घट्ट रोवलीय.

परमेश्वर : थट्टा नका करू, मावशी. एका झाडापायी परवाना अडकायचा.

स्वप्नाली : ब्रश द्या इकडं. मी दाखवते बेचाळिसावं. आणि ते फडकंही द्या.

परमेश्वर : हाय का आणखी? लई उपकार हुतील… वहिनी! आवो, भिंतीला काय करायलात?

स्वप्नाली : धूळ पुसते. धुळीवर रंग धरत नाही ना. हा चार… आणि हा दोन. लांबून दिसतोय का, आत्याबाई?

कडूबाई : वड्यापलीकडनं दिसंल. दोनाची शेपटी लई झ्याक काढलीस.

परमेश्वर : पुसा ते! ओलं हाय तवर पुसा!

कडूबाई : एकदा पुसलंच की आमाला तुमी कागदावर. अन् दोन पावसाळे हलत न्हाई म्हणलास ना?

परमेश्वर : मावशी, साहेब मला फाडून खातील! हे काय झाड हाय का? घर हाय हे! घर!

स्वप्नाली : हेच उद्या साहेबांपुढं म्हणा, भाऊजी. पण हळू म्हणा. मशीन बंद असेल, आत पोरगी निजलेली असेल.