झाकणाचे दोन बोल्ट

सुट्या भागांच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे एक जोडपं होतं.

"इंजिनवरच्या झाकणाचे दोन बोल्ट द्या. गाडी जुनी घेतलीय, चारातले दोनच आलेत."

"अरे, राहू दे ना. बाबांचं काय?"

"किती खडखडतंय ते झाकण!"

"म्हणून तर बाबा गाडीत झोपतात. आईंचं शिलाई मशीन अस्संच वाजायचं म्हणे. त्या गेल्यापासून घरात बाबांचा डोळा लागलाय का कधी?"

"वहिनी, एक दिवस झाकण निसटून पट्ट्यात अडकेल," दुकानदार म्हणाला. "गाडी भर रस्त्यात बंद पडली, तर सासऱ्यांना अंगाई कोण गाणार?"

"एखादा बोल्ट सैल ठेवला तर?"

"सैल बोल्ट पुन्हा पडतो. आधीचे तसेच पडले असणार. गाडी आणा, आत्ताच बसवतो."

"दाराशीच आहे."

"अहो, चालूच ठेवलीय की!"

"बंद केली की जागे होतात."

मागच्या काचेला गाल टेकवून एक म्हातारे गृहस्थ गाढ झोपले होते.

दुकानदार पाना घेऊन उठला. नवरा काचेकडे बघत राहिला, मग माझ्याकडे वळला.

"तुमचं आधी होऊ द्या. तुमच्या मागच्यांचंही. आम्हाला कसलीच घाई नाही."