त्या बेल्जियनाचं वाजंत्र

...बरं, आवाज तरी कसला म्हणाल? गाय अडली होती की काय! आणि तोही माझ्याच तळघरातून! थांबा, पहिल्यापासून सांगते. आमचं हे घर म्हणजे नुसता बँड. पहिल्या मजल्यावर शिंगवाले मोरो, दुसऱ्यावर ओबोची पिपाणी फुंकणारे रिकार, तिसऱ्यावर बुर्दां भावोजी आणि त्यांचं ते फुंकायचं पुरुषभर लाकडी नळकांडं, बासून. तिघे एकाच पलटणीत वाजवणारे. तळाला मी, किल्ल्या सांभाळत. कोण काय वाजवतं, मला काय करायचंय म्हणा!

तर त्या बेल्जियन कारागिराने नवंच वाद्य काढलं. अंग पितळेचं, तोंड क्लॅरिनेटचं, आणि वाकडं असं, की राक्षसाची चिलीम! सॅक्सोफोन म्हणे. वरून हुकूम सुटला, पलटणीच्या बँडातून बासून बाद, ओबो बाद, शिंगं बाद, हे आत. झालं! तिघांनी माझ्याच टेबलावर, माझीच वाइन पिऊन शपथ घेतली. बुर्दां भावोजींनी तर मूठ आपटली, "त्या पितळी घशाला जो ओठ लावील, त्याचं आमचं बोलणं बंद!"

मला काय करायचंय म्हणा! मी ग्लास विसळले.

आठवडा नाही झाला, भावोजी खाली. टोपी हातात. "वहिनी, चार लेकरं आहेत हो... महिन्याने परीक्षा, नाही जमलं तर घरी बसा म्हणाले. तुमचं तळघर देता शिकायला? अन् हे तुमच्या-माझ्यात." दिलं! कोळसेवाल्याने विचारलं, हे काय घुमतंय? म्हटलं, माझं पोट बिघडलंय!

दुसऱ्या दिवशी रिकार, नाकातून, "बाई, आईची शपथ, कुणाला सांगू नका..." गुरुवारी मोरो! दिवस वाटून दिले हो तिघांना. आणि जिन्यात भेटले की तिघेही, "थू त्या बेल्जियनावर!" आणि मी गप्प! मी! जिला शेजारणीच्या रश्श्यातलं मीठसुद्धा पोटात राहत नाही!

परीक्षेला बराकीत तिघे एका रांगेत, तिघांच्या हातात तेच वाकडं पितळ. पास झाले, पोटं वाचली. मी मेली कौतुकाने सूप चढवून बसले, तर तिघे गळ्यात गळे घालून आले आणि भावोजी गरजले, "वहिनी, तुम्हीच फोडलंत! मी शिकतोय हे कळलं, म्हणून हे दोघे शिकले!" रिकार म्हणे, मी शिकतोय हे कळलं म्हणून. मोरो म्हणे, नाही, मी!

जन्मात एकदा तोंड मिटलं हो... म्हणून तर सकाळपासून दारोदार सांगत सुटलेय. गुपित फोडलं असं नाव झालंच आहे, निदान ते खरं तरी होऊ दे!